वादग्रस्त नाटक-कवितेनं तुमच्याकडून काय करून घेतलं?

निरगुडी
नमस्कार मंडळी,

एखाद्या नाटकावरून किंवा कवितेवरून वाद पेटला की आपण काय काय लक्षात ठेवतो? बंदी आली का, कोर्टानं उठवली का, माफी कोणी मागितली. पेपरातलं प्रकरण मिटलं की विषय संपला. पण त्या रात्री नाटक बघून घरी गेलेल्या माणसानं पुढे काय केलं, हे कुठेच नोंदलं जात नाही. मला त्यातच जास्त रस आहे.

नुसतं १९७२ साल बघा. मार्चमध्ये मुंबईत विजय तेंडुलकरांचं ‘सखाराम बाइंडर’ आलं. तेरा प्रयोगांनंतर त्याची परवानगी गेली, दिग्दर्शक कमलाकर सारंग हायकोर्टात गेले आणि जिंकले. मे महिन्यात दलित पँथर ही तरुणांची संघटना स्थापन झाली. १५ ऑगस्टच्या ‘साधना’ साप्ताहिकात राजा ढाल्यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख आला. त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा कवितासंग्रह ‘गोलपिठा’. आणि १६ डिसेंबरला पुण्यात भरत नाट्य मंदिरात तेंडुलकरांच्याच ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग. ते नाटक १९ प्रयोगांनंतर ते करणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांनीच थांबवलं, तेव्हा त्यातली मुलं बाहेर पडली आणि २७ मार्च १९७३ ला त्यांनी थिएटर अकॅडमी काढली. पुढे ‘महानिर्वाण’, ‘बेगम बर्वे’, ‘तीन पैशाचा तमाशा’ याच संस्थेतून आली. घाशीराम थांबवलं गेलं नसतं तर यातलं किती झालं असतं, मला सांगता येत नाही.

मी माध्यमिक शाळेत शिकवते आणि मुलांबरोबर एकांकिका करते. माझं मत असं, की अस्वस्थ करणारी कलाकृती माणसाला दोन गोष्टींची मुभा देते. आपल्या घरातलं बोलायची, आणि बोलून झाल्यावर काहीतरी करायची. तुमचा अनुभव काय? लिहायला लागलात, चित्र काढलंत, मोर्च्यात गेलात, की चिडून उलट बाजूनं काही केलंत? नुसतं ‘फार आवडलं होतं’ एवढ्यावर थांबू नका, पुढचं सांगा.

तिसरी घंटा
निरगुडीताई, विषय काढलात ते बरं झालं. मी हौशी रंगभूमीवर बॅकस्टेज करत म्हातारा झालो, त्यामुळे थोडं लांबेल.

तुम्ही ७२ पासून सुरुवात केलीत, मी दोन वर्षं मागे जातो. १९७० साली डॉ. श्रीराम लागूंनी तेंडुलकरांचं ‘गिधाडे’ केलं. त्यात साडीवर रक्ताचा डाग दिसतो, त्याला सेन्सॉरनं हरकत घेतली. मग डाग निळा केला आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगितलं गेलं, की हा निळा डाग कृपया लाल समजावा. आमच्या पिढीच्या नाटकवाल्यांना हे तोंडपाठ आहे. माझ्यासारख्याला त्यातून एक कळलं, की रंगमंचावरची लहानशी वस्तूही कोणाला तरी घाबरवू शकते. त्यानंतर प्रॉपर्टीच्या टेबलावर मी कधी नुसती ‘वस्तू’ म्हणून काही ठेवलं नाही.

दुसरी गोष्ट ताईंच्या प्रश्नाला थेट लागू पडते. ‘गिधाडे’ करणारे लागू आणि ‘बाइंडर’मधला सखाराम, म्हणजे निळूभाऊ फुले. निळूभाऊ मुळात राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातले. पुढे याच दोघांनी इतर नामवंत नटांना घेऊन सामाजिक कृतज्ञता निधीसाठी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग केले, गावोगाव फिरून पैसा उभा केला. त्या निधीच्या व्याजातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळायला लागलं. ज्यांना ‘संस्कृती बुडवणारे’ म्हणून शिव्या बसल्या त्यांनी कार्यकर्त्याच्या चुलीची काळजी घेतली. हे नव्या पोरांना माहीत नसतं, म्हणून आवर्जून सांगतो.

सोलापुरी चादर
निळा डाग लाल समजा असं माइकवरून सांगितल्यावर तो मागच्या रांगेलासुद्धा लालभडक दिसला असणार! सेन्सॉरनं एवढी जाहिरात करायला नको होती.

चौकट
वर सगळे भारावून लिहितायत, म्हणून दुसरी बाजू.

पँथर काही कवितेतून जन्मली नाही. इळाया पेरुमल समितीचा दलितांवरच्या अत्याचारांचा अहवाल आला होता. परभणी जिल्ह्यात ब्राह्मणगावला दलित स्त्रियांची विटंबना झाली होती, पुणे जिल्ह्यात बावड्याला बहिष्कार पडला होता. पोरं त्यावरून पेटली. ‘गोलपिठा’ नसतं तरी ती पेटलीच असती. साहित्यवाले दरवेळी चळवळीचं श्रेय पुस्तकाला देतात, ते मला पटत नाही.

शिवाय आता ‘वादग्रस्त’ हे लेबल लावून माल खपवला जातो. ट्रेलर आला की चार दिवसांत कोणाच्या तरी भावना दुखावतात आणि पहिला आठवडा हाउसफुल्ल जातो. यातून कोणाला कसली प्रेरणा मिळणार?

भरडधान्य
चौकट यांच्या दुसऱ्या परिच्छेदाला +१. पहिल्यावर विचार करतोय.

गिरणगाव
चौकट, तुम्ही दिलेली कारणं बरोबर आहेत. पण कविता एकीकडे आणि चळवळ दुसरीकडे अशी जी वाटणी केलीत ती चुकीची आहे. माणसं तीच होती. ढसाळ, ढाले, ज. वि. पवार, तिघेही लिहिणारे. अंगात एकच आग होती, ती कधी कवितेत उतरायची, कधी पत्रकात, कधी सभेत. ढाल्यांचा लेखच घ्या. त्यावर जो गदारोळ झाला तो राष्ट्रध्वजाबद्दलच्या वाक्यावरून. पण त्या लेखात मूळ मुद्दा दंडाचा होता. दलित बाईचा विनयभंग केला तर ५० रुपये आणि झेंड्याचा अपमान केला तर ३०० रुपये, मग माणसाची किंमत काय, असा तो प्रश्न. हे साहित्य म्हणायचं की राजकारण? वाचणाऱ्याला तेव्हा असा फरक करायची सवड नव्हती.

आता माझं सांगतो. मी वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलो, वडील गिरणीत. जानेवारी ७४ ची दंगल माझ्या जन्माआधीची, पण घरात ती रोजची होती. कुठल्या इमारतीवरून दगड आले, पोलीस कुठून घुसले, १० तारखेच्या मोर्च्यात पँथर भागवत जाधव कसे गेले, हे मी आजीच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आपण तिथे होतो असं वाटतं. ‘गोलपिठा’ मात्र घरात नव्हतं. ते मला नाइट कॉलेजच्या लायब्ररीत मिळालं.

त्या पुस्तकाला तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. त्यांना त्या कवितेतले कितीतरी शब्द अडले, ढसाळांना विचारून समजून घ्यावे लागले, त्यांच्याबरोबर ती वस्ती फिरून बघावी लागली. मला मात्र एकही शब्द अडला नाही. आमच्या जिन्यावर, नळावर, गुत्त्यावर बोलली जाणारी भाषा पुस्तकात छापलेली मी पहिल्यांदा बघत होतो. शाळेत याच भाषेसाठी मी मार खाल्ला होता. ज्यांना ती कविता ‘धक्कादायक’ वाटली त्यांना धक्का बसला असेल, पण मला तर धीर आला. टॅक्सी चालवणारा माणूस हे लिहितो, मग आपण का नाही?

मी कवी झालो नाही. चाळीच्या जिन्याखाली आम्ही चार मित्रांनी फळा लावला आणि दर रविवारी त्यावर चाळीचं वर्तमान लिहायला लागलो. पाण्याची वेळ, कोणाला नोकरीचं पत्र आलं, कोणाच्या पोरीला शाळेत कोणी काय बोललं, सगळं आमच्या भाषेत. लोक वाचायला थांबायचे. त्या फळ्यातून अभ्यासिका झाली, ती अजून चालू आहे. पुनर्विकासाच्या बैठकांत चाळीच्या वतीनं बोलायला उभी राहिलेली बरीच पोरं त्या फळ्यावर लिहिणारी होती.

तेव्हा ‘वाद’ कोणाला दिसतो, हे आधी विचारावं. तो शब्द बाहेरून लावलेला असतो. आत राहणाऱ्यांना ती आपली गोष्ट असते.

पारंबी
गिरणगाव, तुमचा प्रतिसाद बहिणीला वाचून दाखवला. शेवटच्या तीन ओळी पुन्हा वाचायला लावल्या तिनं.

पिंपळपान
गिरणगाव यांच्या प्रतिसादाबद्दल पूर्ण आदर ठेवून एक पुरवणी. ७२ च्या या गोष्टीत अजून कोणी एका बाईचं नाव घेतलेलं नाही. मी घेते. मल्लिका अमर शेख. शाहीर अमर शेखांची मुलगी, ढसाळांची बायको, स्वतः कवयित्री. १९८४ साली त्यांचं ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ आलं. चळवळीतल्या मोठ्या माणसाच्या घरात बाईचं काय होतं, ते त्यात आहे. त्यावर वाद झाला तो आपल्याच लोकांत. घरचं बाहेर काढलं, चळवळीला बट्टा लावला, असं म्हणणारे पुरोगामीच होते.

माझे वडील एका युनियनचे पूर्णवेळ कार्यकर्ते. आईनं शिवणकाम करून आम्हाला वाढवलं. घरात बैठक असली की स्टोव्हवर चहाचं पातेलं सकाळपासून. वडील भले गृहस्थ, हात कधी उगारला नाही, तरी आईला त्या बैठकीत बसायला कोणी सांगितलं नाही. हे पुस्तक मी कॉलेजात असताना वाचलं, मग आईला दिलं. आईनं दोन दिवसांत संपवलं आणि पुढच्या बैठकीला चहा ठेवून ती आत न जाता सतरंजीवर येऊन बसली. कोणी काही बोललं नाही. त्या दिवसानंतर ती बसायला लागली, आणि काही वर्षांनी युनियनच्या घरकामगार महिलांच्या शाखेचं काम तिच्याकडे आलं.

मी स्वतः लिहायला लागले ते आईच्या तोंडून. ती सांगते, मी उतरवते. त्यातले काही तुकडे दिवाळी अंकात आलेत.

सोलापुरी चादर
पिंपळपान, आईंना दंडवत. त्या दिवशीचा चहा मग दिला कोणी?

पिंपळपान
वडिलांनी. साखर विसरले. सगळे निमूट प्यायले :)

दगडी पाटी
वकिली करतो, म्हणून थोडा इतिहास.

आपल्याकडे नाटकाला सरकार घाबरतं ही जुनी गोष्ट आहे. १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा इंग्रजांनी त्याच भीतीपोटी केला. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ चं. कथा महाभारतातली, पण कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे थिएटरात बसलेल्या प्रत्येकाला समजत होतं. १९१० मध्ये त्यावर बंदी आली. ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवणाऱ्या र. धों. कर्व्यांवर अश्लीलतेचे खटले झाले, १९३४ साली त्यांच्या बाजूनं डॉ. आंबेडकर उभे राहिले. मर्ढेकरांच्या कवितेवर अश्लीलतेचा खटला झाला, ते सुटले. चंद्रकांत काकोडकरांच्या ‘शामा’ या कथेवरचा तसाच खटला थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये तेही सुटले. प्रत्येक वेळी असंच होतं असं मात्र नाही. वसंत गुर्जरांची गांधींवरची कविता १९९४ मध्ये एका बँक कर्मचारी संघटनेच्या अंकात छापली गेली. २०१५ साली सुप्रीम कोर्टानं कवीला खटल्याला सामोरं जावं लागेल असंच म्हटलं. एका कवितेसाठी दोन दशकं.

चौकट, फुकट जाहिरात मिळते म्हणता, ती मोठ्या निर्मात्याला मिळते. एकट्या कवीला तारखा मिळतात.

सोलापुरी चादर
दगडी पाटी, देवलांच्या ‘शारदा’ नाटकावरूनच बालविवाहाच्या कायद्याला शारदा कायदा म्हणतात ना? आमच्या मास्तरांनी तसंच शिकवलंय.

दगडी पाटी
नाही. तो हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून, १९२९ चा. ‘शारदा’ १८९९ चं. जरठ-कुमारी विवाहाविरुद्ध मराठी घराघरांत मत तयार करण्यात नाटकाचा वाटा आहेच, पण कायद्याचं नाव त्यावरून आलेलं नाही. अवांतर म्हणजे, १९०९ मध्ये नाशिकच्या विजयानंद थिएटरात क्रांतिकारक अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या तेव्हा तिथे ‘शारदा’चाच प्रयोग होता.

निरगुडी
नाशिककर म्हणून शेवटच्या माहितीला दुजोरा. आता गाडी वळवूया :)

कोरा कागद
मी धागा वाचून गप्प बसणार होते. पण तेंडुलकरांचं नाव इतक्यांदा आलं की राहवलं नाही.

कॉलेजात आम्हाला ‘कन्यादान’ होतं. १९८३ चं नाटक. समाजवादी नाथ देवळालीकरांची मुलगी ज्योती दलित कवी अरुण आठवलेशी लग्न करते आणि तो तिला मारझोड करतो. वर्गात साठ मुलं. सरांनी विचारलं, अरुण असा का वागतो? आणि सगळ्यांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी त्या वर्गातली एकटी. मला माझे बाबा आठवत होते, ज्यांनी आईवर कधी आवाज चढवला नाही, आणि शेजारच्या सोसायटीतले एक वरिष्ठ अधिकारी आठवत होते, ज्यांच्या बायकोचा डोळा दर महिन्याला काळानिळा असायचा. त्यांच्यावर कोणी नाटक लिहिलं नव्हतं.

या नाटकासाठी तेंडुलकरांना १९९३ चा सरस्वती सन्मान मिळाला. दलित कार्यकर्त्यांनी त्याला विरोध केला होता, आणि त्या विरोधाला असहिष्णुता म्हणून मोकळं होणारे खूप भेटतात. मी बंदी मागत नाही. पण त्या वर्गात माझं जे झालं तेही या नाटकाचंच काम आहे, ते कोणीतरी लिहायला हवं होतं. म्हणून मी लिहिलं. माझी पहिली कथा त्याच आठवड्यातली, अरुणच्या बहिणीच्या तोंडून सांगितलेली. नाटकात नसलेली बहीण मी तयार केली. ती कथा कॉलेजच्या वार्षिकात छापून आली तेव्हा सरांनी पुढच्या वर्षी नाटकाबरोबर ती वर्गात वाचून घेतली.

निरगुडीताई, तुम्ही ‘चिडून उलट बाजूनं’ असं विचारलंत. माझं उत्तर हे.

तिसरी घंटा
कोरा कागद, वाचून अस्वस्थ झालो. तरी एक म्हणेन. ज्या तेंडुलकरांनी ‘गोलपिठा’ची प्रस्तावना लिहिली, ढसाळांबरोबर ती वस्ती पालथी घातली, त्यांच्या हेतूवर शंका घेऊ नये. ‘बाइंडर’मध्ये, ‘गिधाडे’त, ‘घाशीराम’मध्ये त्यांनी सवर्णांनाही सोडलेलं नाही. त्यांना माणसातली हिंसा दिसायची, ती ते जिथे दिसेल तिथून उचलायचे.

कोरा कागद
काका, हेतूबद्दल मी एक शब्दही लिहिलेला नाही. प्रस्तावना लिहिली म्हणून पुढच्या नाटकाला सूट मिळत नाही. घाशीराम बघून कोणी वर्गातल्या एकट्या ब्राह्मण मुलाकडे वळून बघत नाही, कारण तो एकटा नसतो. फरक तिथे आहे.

गिरणगाव
कोरा कागद, जय भीम. कथा इथे देता येईल का?

तिसरी घंटा
तुमचा मुद्दा मला मान्य नाही असं नाही, पण नाटककारानं कोणती पात्रं निवडावी हे प्रेक्षकसंख्येवरून ठरू नये असं मला अजूनही वाटतं. कथा मात्र जरूर वाचायची आहे.

मांडवी
गोंयच्यान नमस्कार. नाटकांच्या गर्दीत थोडी चित्रं आणते.

आमच्या साळगावचे चित्रकार सूझा. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून त्यांना छोडो भारतमध्ये भाग घेतला म्हणून काढलं, १९४७ मध्ये त्यांनी मित्रांबरोबर चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह ग्रुप काढला, आणि १९४९ मध्ये प्रदर्शनातल्या स्वतःच्या नग्न चित्रावरून तक्रार झाली. त्याच वर्षी ते लंडनला गेले. १९५४ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीत अकबर पदमसींच्या चित्रांवरून पोलीस आले, अटक झाली, ते कोर्टात लढले आणि सुटले. एम. एफ. हुसेन पंढरपूरचे, त्यांचं शेवटी काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. परदेशातच, लंडनमध्ये वारले.

सूझांची ती काळ्या जाड रेघांची चर्चमधली माणसं मी लहानपणी पुस्तकात बघितली तेव्हा भीती वाटली होती. आमच्या घरी येशूचं चित्र गुलाबी गालांचं. देवाच्या माणसांचं इतकं कठोर चित्र काढायला परवानगी आहे, हे कळल्यावर मला गोव्याचं पोस्टकार्डी चित्र काढता येईना. नारळ, होडी, सूर्यास्त सगळं बंद. मी आमच्या तालुक्यातल्या खाणी काढायला लागले. तांबड्या धुळीनं माखलेली झाडं, ट्रकांच्या रांगा, गाळानं भरलेली शेतं. रंग म्हणून तीच धूळ पाण्यात कालवून वापरली. गावच्या ग्रामसभेला खाणीचा विषय होता तेव्हा ती चित्रं पंचायतीच्या भिंतीला लावली. गावात दोन तट पडले, कारण निम्म्या घरांची चूल ट्रकवर चालायची. माझ्या मामानं वर्षभर अबोला धरला, त्याचे दोन ट्रक होते. २०१२ मध्ये खाणकाम बंद पडलं ते वरच्या आदेशांनी, माझ्या चित्रांनी नाही. पण त्या सभेत गाळ भरलेल्या शेताचा मालक पहिल्यांदा उठून बोलला, चित्राकडे बोट दाखवून, ‘हें म्हजें शेत’ म्हणून.

भरडधान्य
मामा आता बोलतात का?

मांडवी
बोलतो. चित्राबद्दल सोडून सगळं बोलतो :)

राईन
जर्मनीतून. थिएटर अकॅडमीचा विषय निघालाय म्हणून एक जोड. १९८० मध्ये घाशीरामच्या युरोप दौऱ्यालाही मोठा विरोध झाला होता, नाना फडणविसांची परदेशात बदनामी नको म्हणून. दौरा झाला. आणि १९८६ मध्ये त्याच घाशीराममधले नाना, मोहन आगाशे, बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची बालनाट्याची रीत पुण्यात घेऊन आले. मोठ्या नटांनी लहान मुलं व्हायचं आणि मुलांच्या खऱ्या प्रश्नांवर बोलायचं. इथल्या मराठी मंडळात आम्ही त्या पद्धतीनं मुलांचं नाटक बसवतो. मागच्या खेपेचा विषय होता, ‘तू खरं कुठून आलास?’ हा शाळेत रोज विचारला जाणारा प्रश्न. काही पालक नाराज झाले, परक्या देशात तक्रारी कशाला म्हणून. मुलं खूश होती.

घाटमाथा
कोणी अजून या वाटेला गेलं नाही, म्हणून मी जातो. ज्या कलाकृतीचा आपल्याला राग येतो तिचं काय?

१९९८ ला नथुरामवरचं नाटक आलं. राज्य सरकारनं त्यावर बंदी घातली, ती पुढे हायकोर्टात टिकली नाही. मी तेव्हा विशीत. बंदीही पटत नव्हती आणि नाटकही. माझ्या गावात लोक नाटकातले संवाद इतिहास म्हणून सांगत होते. आम्ही मित्रांनी निषेधाचा फलक तयार केला, मग लक्षात आलं की पाकिस्तानला द्यायच्या ५५ कोटींबद्दल कोणी उलट विचारलं तर आपल्यालाही धड बोलता येत नाही. फलक ठेवून दिला. वाचायला बसलो. खटल्याचे कागद, १९६९ चा कपूर आयोगाचा अहवाल, त्या जानेवारीतल्या तारखा. २० जानेवारीला प्रार्थनासभेत बॉम्ब फुटला होता आणि तरी ३० तारखेला हत्या झाली, हे गावात कोणाला ठाऊकच नव्हतं. मग दर ३० जानेवारीला देवळाच्या ओट्यावर जाहीर वाचन सुरू केलं. समोर नाटक आवडणारेही बसतात, हुज्जत घालतात. हे वाचन अजून चालू आहे. ते नाटक आलं नसतं तर मी गांधी वाचलाच नसता.

चौकट
घाटमाथा, कोरा कागद आणि मांडवी यांचे अनुभव वाचले. तिन्ही दमदार आहेत. तरी मूळ शंका कायम. तुम्ही सगळे आधीपासून तयार होतात. गिरणगाव चाळीत वाढले, मांडवीच्या गावात खाण होती, पिंपळपान यांच्या घरात युनियन. काडी कुठलीही चालली असती. आणि ज्यांनी बाइंडर बघितलं, टाळ्या वाजवल्या, घरी जाऊन बायकोला जेवण वाढायला सांगितलं, अशा हजारोंचं काय?

निरगुडी
चौकट, त्या हजारोंबद्दल तुम्ही म्हणता ते खरंच आहे. पण ‘काडी कुठलीही चालली असती’ हे नाही पटत. माझंच सांगते.

‘गिधाडे’त बाप आणि भावंडं इस्टेटीसाठी एकमेकांचे लचके तोडतात. ते वाचल्यावर मला आमच्या आत्याची आठवण आली. आमच्याकडे भांडण होत नाही. रक्षाबंधनाला भाऊ बहिणीला साडीचोळी करतो, पंगत उठते, आणि मग तालुक्याला जाऊन हक्कसोडपत्रावर सही. सगळं हसतखेळत. महाराष्ट्रात १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क देणारी दुरुस्ती झाली, देशभर २००५ मध्ये झाली. तरी सह्या चालूच. तेंडुलकरांनी ओरबाडणं उघडं दाखवलं होतं, म्हणून मला न दिसणारं ओरबाडणं दिसलं. मालमत्तेवरचं माहितीपत्रक मी आधीही वाचलं होतं. त्यानं काही झालं नव्हतं.

आम्ही त्यावर एकांकिका केली. मुलीच भाऊ झाल्या, मुलीच बहिणी. एका गावात यात्रेत प्रयोग झाला, तेव्हा सरपंचांनी मध्येच उठून ‘भावाबहिणीत भांडणं लावता का’ म्हणून विचारलं आणि दिवे घालवले. मुलींनी मोबाईलच्या उजेडात शेवट केला. नंतर चार-पाच बायका मागच्या बाजूला आल्या. नाटकाबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. सातबारा कसा वाचायचा, तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज कसा करायचा, फेरफारावर हरकत किती दिवसांत घ्यायची, एवढंच विचारलं. मला काहीच येत नव्हतं. शिकले. आता आम्ही दोघी-तिघी शिक्षिका सुट्टीच्या दिवशी हे काम करतो. काहींनी भावाला मनापासून हक्क सोडला, तेही ठीक. निदान सही करण्याआधी कागद वाचला.

चौकट
हे तुम्ही शिक्षिका आहात म्हणून झालं, नाटकामुळे नाही, असं मी अजून म्हणेन. पण त्या प्रयोगाची संहिता मला पाठवा. आमच्या पतसंस्थेच्या महिला मेळाव्यात करता येईल.

सोलापुरी चादर
चौकट, काडी कुठलीही चालली असती ना? मग हीच का मागताय? :)

तिसरी घंटा
निरगुडीताई, एक व्यावहारिक सूचना. पुढच्या प्रयोगाआधी संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र घेऊन ठेवा. पूर्वपरीक्षणाची ही अट मला पटत नाही, अमोल पालेकरांनी २०१६ मध्ये तिला कोर्टात आव्हान दिलं तेव्हा मनापासून आनंद झाला होता. पण गावात दिवे घालवणाऱ्याच्या हाती कागदाचं निमित्त देऊ नका.

निरगुडी
धन्यवाद काका, करते. आणि एक विचारायचं होतं. यंदा मुलींबरोबर ‘गोलपिठा’ आणि ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ यांतले उतारे घेऊन अभिवाचन करायचा विचार आहे. कोरा कागद यांची कथाही, त्यांची हरकत नसेल तर. गिरणगाव, पिंपळपान, काय वाटतं?

पिंपळपान
दोन्ही एकत्र घ्या. एकाशिवाय दुसरं नको.

कोरा कागद
कथा घ्या. अट एकच, प्रयोगानंतर वर्गात ‘अरुण असा का वागतो’ असा प्रश्न एखाद्या मुलीकडे बघून विचारायचा नाही.

गिरणगाव
माझंही एक. ‘गोलपिठा’तल्या शिव्या गाळून वाचणार असाल तर वाचू नका, दुसरी कविता घ्या. आणि मुली पाठ करायच्या आधी त्यांना त्यांच्या गल्लीतल्या बोलीत एक पान लिहू द्या, व्याकरण न तपासता. ते पान आधी वाचायचं, ढसाळ नंतर. आमच्या अभ्यासिकेतली दोन पोरं यायला तयार आहेत, सुट्टीचा दिवस असेल तर. तारीख कळवा.